खुललेला आवाज

नाय मॅडम, सही देते की — बसा तुमी चटईवर. शारिकच्या अब्बांच्या घशातला तुकडा दवाखान्यात अजून जपून ठेवलाय, हे मला ठाऊकच नव्हतं बघा. माणूस जाऊन तीन वर्षं झाली, नि एवढासा तुकडा तेवढा उरलाय म्हणायचा! घेऊन जा तुमच्या अभ्यासाला. कोणता पांढरा डाग पुढं कॅन्सर होणार, कोणता तसाच राहणार, ते आधीच कळायला पाहिजे म्हणताय ना — कळू दे बाय, कळू दे. तवा यांच्या घशातला डाग बघून डॉक्टर काय म्हणाले? होईलही, नाहीही होणार, दर तीन महिन्यांनी घशात दुर्बीण घालून बघू. असं म्हटल्यावर माणूस काय धरून चालतो? नाय होणार, हेच धरतो!

माथेरानला घोडा हाकायचे ते. दिवसभर गिऱ्हाइकाला हाका, वर बिड्या — मे संपेस्तोवर घसा पार बसलेला. पावसात वरचा धंदा बंद, घोडे खाली भिसेगावात. घरी गप्प बसले की आवाज खुलायचा. आवाज आला म्हणजे डाग गेला — सगळे घोडेवाले असंच म्हणतात. मग दुर्बीण कशाला? पुढल्या पावसात आवाज आलाच नाय. गाठ झाली होती.

शारिक? त्याला काय झालंय! बरा हाय तो — नाय, बरा नाय. त्याच्याबी घशात तसाच डाग हाय. नमिराला, त्याच्या बायकोलासुदीक सांगितलं नाय. नि आता पावसात असा आवाज खुललाय! परवा अंगणातनं हाक मारली, मला वाटलं अब्बाच आले. 'अम्मी, ऐक, गेला डाग,' म्हणतो. दुर्बिणीला येतच नाय.

तू सांग ना गं पोरी त्याला. सांग, यंत्रात दिसलं, तुझा डाग वाईट हाय, कॅन्सरच होणार. खोटं तर खोटं! शिकलेल्या माणसाचं ऐकेल तो — काय? ठाऊक नसताना कसं सांगू म्हणतेस? अगं, नाय होणार हे तरी कुणाला ठाऊक हाय? पण त्यानं ते धरलंयच ना!

ही घे सही. तुझा काय दोष — ऐकलंस? तबेल्यातनं हाक मारतोय. बघ, कसा लख्ख आवाज.

ऊठ, जा तू आता. मला डोळं पुसून ओ द्यायचीय त्याला.