हात समोर धरा

माहं माहेर हिवरा आश्रमाकडचं, पोरी. लग्न होऊन खामगावले आली ते गाडीमालकाच्या काळीपिवळीत बसूनच, नवरदेवच गाडी चालवत होता, लोकं हासत होते. काय सांगू तुले, खामगाव ते बुलढाणा तो घाट यायच्या, माह्या नवऱ्याच्या, हातातला होता, डोळे झाकून नेईन म्हणत.

लग्नाच्या पयलेच यायले कावीळ झाली होती. सासूनं काविळीची माळ घातली, माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली, काढून टाकली, उतरली म्हणे कावीळ. डोळे पांढरे झाल्यावर मंग कोण कायले तपासते. ते आतच बसून होती, हे आता समजते. त्याच्यावर दारू. ड्रायव्हर लोकायची बैठकच तशी, गाडी लावली का बसले, असे किती साल गेले, माहं कोण ऐकते. मंग एकदा रक्ताची उलटी झाली अन् त्या दिवसापासून सोडली. स्वतः सोडली, हे तुह्या वहीत लिहून घे.

अन् सोडल्यावरच लोकं बेवडा म्हणू लागले, पाह्य. दिवसा झोपत, रातभर जागत, बोलता बोलता शब्द सापडे नाही, चहात मीठ टाकत. दीर म्हणे वहिनी, लपून पेते तो, तुले उल्लू बनवून राह्यला. मंग एक दिवस यायनं घाटात गाडी उभी केली अन् मांगं पाहून सवाऱ्यायले इचारलं, आपुन कुठी चाललो. एक जण म्हणे, उतरा बे सारे, ड्रायव्हर टुन्न हाय. पोलिसानं फुकायची मशीन आणली. फुकलं, काहीच नाही आलं. पुन्हा फुकवलं, तरी नाही. तं लोकं म्हणत, साहेब, मशीन बिघडली असन.

मंग दवाखान्यात नेलं, तं तिथल्या डॉक्टरीणबाईनं हात समोर धरायले लावले, बस थांबवतो तसे, पंजे उभे. पंजे आपोआप खाली झुकत, पुन्हा उठत, पाखरानं पंख मारल्यावानी. ते म्हणे, बाई, यायनं पेलेली नाही. जुनी कावीळ अन् दारू, दोघीनं लिव्हर खाल्लं, ते आता घाण गाळत नाही, घाण रक्तातून मेंदूत जाते. गाडी बंद. काविळीच्या गोळ्या देल्या अन् एक गोड औषध, त्यानं रोज दोन-तीन खेपा पोट साफ झालंच पाहिजे, नाही झालं का डोकं बिघडते.

म्हणून मी आता तुमच्या होस्टेलात पोळ्या लाटतो अन् हे गेटापाशी बाकड्यावर बसतात, माह्या नजरेसमोर. रोज सकाळी म्हणतो, हात समोर धरा, आज वार कोणता. कधी बरोबर सांगतात, कधी म्हणतात, तूच सांग ना, तुले येत नाही काय.

काल दूधवाला म्हणे, काय मामा, सकाळीच लावली काय. पयले हे भांडत, मायची शप्पथ घेत. काल म्हणे, हाव, थोडीशी. म्या आतून ऐकलं. काऊन खोटं बोलले, म्हटलं. तं म्हणे, बिमारी सांगाले बसलो तं आर्धी इसरून जातो, हे एका शब्दात होते.

अन् मीबी, काय सांगू, जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. त्या गोड औषधाचाच होता. यायनं माह्याकडं पायलं. नुसते हात समोर धरले.

जाय पोरी, पोळी गरम हाय तवर खाऊन घे. सुखी राह्य.