फाटकाला लावलेली पेटी

टँपा शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बाईच्या मांडीवर वर्षाची पोर झोपलेली, हातात पोहण्याच्या क्लासचा फॉर्म.

"सही कर, ब्रेंट."

"पाण्यात सोडून उताणं तरंगायला शिकवतात. पोरं नुसती किंचाळतात. माझ्याच्यानं बघवत नाही."

"मग गाडीत बस."

"अगं, आपल्या पूलला कुंपण आहे. फाटक आपोआप लागतं."

"तुझे बाबा दर रविवारी बर्फाची पेटी लावून ते उघडं ठेवतात."

"मांस भाजायच्या ग्रिलपाशी सारखी ये-जा असते त्यांची."

"तुझ्या बहिणीकडेही तशीच पेटी लावली होती."

"तिचा विषय कशाला काढतेस?"

"त्या दिवशी आपण आठ जण अंगणात होतो. तिचा मुलगा पाण्यात किंचाळला असता, तर एकाला तरी ऐकू आलं असतं."