बाबांचं स्थळ आणि दोन बर्नर

...आणि तो मेला कॉम्प्युटर मलाच विचारतो, डी की ई? अरे, मला काय विचारतोस! इथे सख्खा बाप ह्या वयात मला म्हणतोय की ऋता, मला लग्न करायचंय, आणि ह्याचं आपलं एकच पालुपद, डिस्क कुठल्या बर्नरवर लिहू, डी की ई?

थांबा, तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काय बडबडतेय.

मी ऋता. बोरिवली वेस्टला राहते, मी, माझा नवरा शौनक आणि बाबा. आई जाऊन सात वर्षं झाली. बाबा म्हणजे नंदकिशोर, वय वर्षं अडुसष्ट, आख्खी नोकरी एका कारखान्याच्या प्लॅनिंग डिपार्टमेंटला गेली, आणि त्या नोकरीने ह्या माणसाला एकच सवय लावली, काहीही सांगायचं असलं की स्लाईड्स करायच्या! माझ्या साखरपुड्याला ह्यांनी व्याह्यांना लग्नाच्या तयारीच्या बावीस स्लाईड्स दाखवल्या होत्या. शौनकचे वडील नवव्या स्लाईडला झोपले. खोटं नाही सांगत.

तर एका शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, "ऋता, मला ह्या प्रेझेंटेशनची एक डीव्हीडी करून दे. टीव्हीवर लागेल अशी." मी म्हटलं, डीव्हीडी? बाबा, आजकाल दुधाची पिशवीसुद्धा मोबाईलवरून येते, कुणाला पाठवायचंय, मी लिंक पाठवते ना! तर म्हणाले, "त्यांच्याकडे साधा फोन आहे. टीव्हीला जुना प्लेयर आहे, त्याला पेन ड्राईव्हची खाचपण नाही." मी म्हटलं, 'त्यांच्याकडे' म्हणजे कुणाकडे? तर हे खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर काय होतं? समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी!

मी फाईल उघडली. पहिली स्लाईड, निळी पाटी, पांढरी अक्षरं. 'सहजीवन : एक प्रस्ताव.' खाली, 'सादरकर्ते : नंदकिशोर. उंची पाच फूट सात (पूर्वी).'

मग बाबांना खिडकीपासून ओढून आणलं आणि एकेक वदवून घेतलं.

त्यांचं नाव सुगंधाबाई. गोराईला राहतात, खाडीपलीकडे, जेट्टीवरून लाँचने जायचं. शाळेत शिक्षिका होत्या, रिटायर झाल्या, यजमान जाऊन दहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरामागे चार नारळ आणि एक विहीर. भेटले कुठे? गुडघ्याच्या फिजिओथेरपीला! मंगळवार-गुरुवार, दहाची वेळ, शेजारशेजारच्या दोन खाटा. ह्यांचा डावा गुडघा, त्यांचा उजवा. आणि मी बावळट, मला वाटायचं, बघा, बाबा व्यायामाला कसे वेळेवर जातात! सेंट लावून जायचे हो. गुडघ्याला सेंट कशाला लागतो? पण मला प्रश्नच पडला नाही.

पुढच्या स्लाईड्स काय सांगू! चौथी, 'प्रकृती', त्यात दोन्ही गुडघ्यांचा तुलनात्मक आलेख. सातवी, 'उणिवा'. एक, घोरतो. दोन, ओला टॉवेल पलंगावर टाकतो, कंसात 'प्रयत्न चालू'. तीन, माझी मुलगी मला अजून लहान समजते. आणि मग बारावी. 'आपल्याकडून अपेक्षा.' मला वाटलं, इथे मोठी यादी असणार. एकच ओळ होती. 'संध्याकाळचा चहा एकट्याने पिणे बंद व्हावे.'

मी ऑफिसातून आठला येते. शौनक नऊला. बाबांचा चहा साडेचारचा. सात वर्षं... मी कधी हिशेबच केला नव्हता, यार.

पण मी काही बोलले का? छे! मी म्हटलं, "बरं, करते डीव्हीडी." कारण डीव्हीडी करणं सोपं वाटलं मला. वाटलं, हे बटण दाबायचं, आणि मनातलं मग बघू कधीतरी. आणि शब्द बघा ना, 'बर्न' म्हणे! जाळा! म्हणजे लोक प्रेमपत्र आधी देतात आणि मग जाळतात, आमच्याकडे जाळून मग द्यायचं! बटण दाबलं तर स्क्रीनवर खिडकी उघडली, ड्राईव्ह डी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला जुना बर्नर, डिस्क कोरी नाही, दुसरी घाला. मी ट्रे उघडायला हात घातला मात्र...

"डी नको!"

बाबा ओरडले. आमचे बाबा ओरडत नाहीत हो, रिक्षावाल्याने नाही म्हटलं तरी त्याला थँक्यू म्हणणारा माणूस! मी म्हटलं, का नको? "खराब आहे तो." अहो बाबा, तो सांगतोय आत डिस्क आहे, म्हणजे वाचतोय, म्हणजे चालू आहे. "खराब आहे म्हटलं ना!" आणि ट्रेवर तळहात ठेवून उभे.

म्हटलं, ठीक आहे. नवीन बर्नर मागवला, बाहेरून वायरने लावायचा, चपटा, काळा, तो झाला ई. कोऱ्या डिस्क शोधायला स्टेशनजवळ गेले, तीन दुकानदार माझ्याकडे बघून हसले, चौथ्याने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक डबी काढली, धूळ झटकली आणि विचारतो, "बेन, तुम्ही वकील काय? आता हे फक्त वकील लोकच घेतात." मी म्हटलं, नाही, वडिलांसाठी स्थळ बघतोय. तो बिचारा डबी हातात धरून तसाच स्टुलावर उभा.

घरी आले, कोरी डिस्क ईमध्ये घातली, सेटिंगमध्ये जाऊन ई निवडला, ओके केलं, बर्न दाबलं. तर म्हणतो, ड्राईव्ह डीमधली डिस्क कोरी नाही! अरे, डी नाही, ई! पुन्हा सेटिंग, पुन्हा ई, पुन्हा ओके, पुन्हा बर्न. ड्राईव्ह डीमधली डिस्क कोरी नाही. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. डी की ई? ई! ड्राईव्ह डीमधली डिस्क... वाट लागली! शौनक सोफ्यावरून म्हणतो कसा, "अगं, जरा प्रेमाने सांग त्याला." त्याला म्हटलं, तू गप बस, नाहीतर तुलाच ईमध्ये घालेन.

असा आख्खा आठवडा. ऑफिसातून येते, बसते, डी की ई, डी की ई. आणि बाबा दर दहा मिनिटांनी दारात, "झालं का गं?" आणि तुम्हाला एक सांगते, कुणाला बोलू नका, नाही झालं की मला आतून बरं वाटायचं. म्हणजे मी नाही म्हणत नव्हते, कॉम्प्युटर म्हणत होता ना!

मंगळवारी मी रजा टाकली. बाबा गुडघ्याला गेलेले, सेंट लावून. म्हटलं, आज काय तो सोक्षमोक्ष. सेटिंगच्या आत आणखी एक पान होतं, ते उघडलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं, 'नेहमी हाच बर्नर वापरा', पुढे डी, आणि चौकटीत बरोबरची खूण. म्हणजे कुणीतरी कधीतरी ठरवून ती खूण केली होती, म्हणून तो सारखा डीवर जात होता! कुणी केली? मी नाही. बाबा तर सेटिंगला हातच लावत नाहीत. आणि मी विचार करतेय तेवढ्यात माझा हात कुठेतरी लागला आणि डीचा ट्रे, सात वर्षांनी, घर्रर्र करत बाहेर आला.

आत डिस्क. वर काळ्या मार्करने, आईच्या अक्षरात, 'नंदू ६०'.

बाबांच्या साठीला आईने स्लाईड्सची डिस्क केली होती ती! आठवलं मला, महिनाभर दार लावून बसायची, आम्हाला आत येऊ द्यायची नाही, कुणाला न विचारता शिकली सगळं, आणि एकदा डी निवडून खूण करून टाकली, कटकट नको म्हणून. तशीच होती ती. भाजीवालासुद्धा एकदा ठरवला की ठरवला.

 बाबा आले, चप्पल काढता काढता त्यांना उघडा ट्रे दिसला.  स्टूल ओढून शेजारी बसले.

"काढली का नाहीत कधी?" मी विचारलं.

"काढली असती तर कुठेतरी ठेवावी लागली असती ना गं," बाबा म्हणाले. "आणि कपाटात ठेवली की... संपलंच की."



मग आम्ही ती लावली. भर दुपारी पडदे ओढून बघितली. तुम्हाला सांगते, आईला स्लाईड बदलायच्या जेवढ्या करामती सापडल्या असतील तेवढ्या सगळ्या तिने वापरल्या होत्या! लग्नाचा फोटो गिरक्या घेत येतो, मी तान्ही असतानाचा फोटो चेंडूसारखा उड्या मारत जातो, बाबांचा रिटायरमेंटचा हार एकदम भस्सकन फुटतो. आम्ही दोघं खो खो हसतोय आणि दोघांच्या डोळ्यांना धार. आणि शेवटची स्लाईड, लाल अक्षरात, 'नंदू, साठ झाली. आता तरी ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस.'

बाबा डोळे पुसत म्हणतात, "प्रयत्न चालू आहे गं, वसू."

मग मी माऊस त्या खुणेवर नेला. म्हटलं, "बाबा, ही खूण काढली की ई चालेल. काढू?"   माझं बोट काही दाबेना. डी की ई, एवढाच प्रश्न हो, पण दोघांनाही उत्तर येईना!

शेवटी बाबाच उठले. आईची डिस्क दोन बोटांनी उचलली, बनियनला पुसायला लागले, मी ओरडले, बाबा, चरे पडतील! मग हळूच कव्हरमध्ये घातली आणि म्हणाले, "खूण राहू दे. डी चांगला चालतो. मीच खोटं बोललो." आणि कोरी डिस्क स्वतःच्या हाताने डीमध्ये ठेवली.

पहिल्या झटक्यात सुरू झाली! अठरा मिनिटं लागतील म्हणाला. आम्ही दोघं ती हिरवी पट्टी सरकताना बघत बसलो. मध्येच बाबांनी हळूच विचारलं, "ऋता, तुला चालेल ना गं?" आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "बाबा, एक्क्याऐंशी टक्के झालंय, टेबलाला धक्का लावू नका." एवढी मी शूर!

गुरुवारी डिस्क गेली. पुढच्या मंगळवारी उत्तर आलं, वहीच्या चार पानांवर, लाल पेनाने! शुद्धलेखनाच्या चुका अकरा. गुडघ्यांच्या आलेखात 'डावा-उजवा उलटे झाले आहेत'. घोरण्यापुढे 'मी पण'. आणि शेवटी, 'मुलीला घेऊन रविवारी घरी यावे.'

गेलो. लाँचमध्ये बाबा इतके ताठ बसले होते की तिकिटवाल्याने विचारलं, आजोबांना मळमळतंय काय? सुगंधाबाई जेट्टीवर उभ्या होत्या, उंच, काळ्यासावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात छत्री. घरी नेलं, बाबांना नारळ सोलायला मागे पाठवलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. आधी एकदम शाळेतलं मराठी, "हे बघ, तुझ्या आईची जागा मला नको आहे, मला माझी वेगळी जागा चालेल." आणि मग त्यांचा आवाजच बदलला, एकदम माहेरची मालवणी. म्हणाल्या, "तुका राग इलो असलो तर आत्ताच सांग गो बाय. मनात ठेवशीत तर माका सुखाचो घास गिळाचो नाय."

मागे बाबा नारळाशी झटत होते. कोयता उलटा धरलेला. मला सांगायचं होतं खूप, राग म्हणू, रडू म्हणू... आणि तोंडातून निघालं काय? म्हटलं, "त्यांना चहात साखर देऊ नका. मागतील, लाडीगोडी लावतील, तरी देऊ नका. आणि चहा साडेचारला लागतो. बरोब्बर."

सुगंधाबाईंनी माझा हात घट्ट धरला. बास. झालं स्थळ पक्कं.

आता गोराईचं घर त्यांचं, विहीर त्यांची, चार नारळ त्यांचे, त्या कशाला बोरिवलीच्या दोन खोल्यांत येतील? तेव्हा नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि बाबाच नांदायला गेले! जेट्टीवर मी, शौनक, दोन बॅगा. पाठवणीला बाप रडतो हे ऐकलं होतं, इथे मुलगी हुंदके देतेय आणि बाप लाँचमधून हात हलवतोय, "रडू नकोस गं, मी येईन ना माहेरपणाला!"

आले! पहिल्याच रविवारी आले. मी श्रीखंड केलं, पाट मांडला, पंखा पाचवर केला. दोन घास खाल्ले आणि सुरू! "काय सांगू ऋता, पहाटे साडेपाचला उठवतात गं! विहिरीचं पाणी काढायला लावतात, भाजी निवडायला लावतात, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावतात आणि उच्चार सुधारतात!"

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, वाटीत आणखी श्रीखंड वाढलं आणि म्हटलं, "बाबा, पहिले सहा महिने असंच असतं. जरा अ‍ॅडजस्ट करा."