दोन साडू आणि भिंतभर आरसा

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आधी एक सांगा – माणसाला स्वतःचा खरा चेहरा कधी दिसतो? दाढी करताना? छे, तेव्हा साबण दिसतो. लग्नाच्या फोटोत? तेव्हा कॅमेरावाला सांगतो, हसा, म्हणून हसतो. मग खरा कधी दिसतो? ऐका तर.

फलटणात दोन साडू राहतात. थोरले भास्करराव भोईटे, बी-बियाण्यांचं दुकान. धाकटे उत्तमराव रणवरे, शाळेत क्लार्क. भास्कररावांची मंडळी शालन आणि उत्तमरावांची नलिनी, या सख्ख्या बहिणी. आता साडू म्हणजे काय, हे मी पुरुषमंडळींना सांगायला नको. सासुरवाडीला कुणाला आधी पाट मांडला, हे पन्नाशीतही ध्यानात ठेवणारं नातं ते.

दोघांनाही साखरेचा त्रास निघाला. डॉक्टर म्हणाले, अंग हलवा. दोघं सकाळी जिममध्ये जायला लागले. तिथं भिंतभर आरसा.

पहिल्या दिवशी भास्कररावांनी त्यात आपलं पोट बघितलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरचा आरसा टीचभर – फक्त तोंड दाखवतो. हा सगळा माणूस दाखवत होता, घामानं चिकटलेल्या बनियनसकट. ते खांबाच्या आडोशाला जाऊन व्यायाम करायला लागले. कित्येकजण असेच परत जातात, बरं का. आयाबाया तर दारातूनच. पण भास्करराव टिकले. पोट उतरलं, दंड भरले, आणि हळूहळू खांबाचा आडोसा सुटला. आता ते आरशासमोर असे उभे राहायचे की दुसऱ्याला जागा मागावी लागे. रस्त्यानं जाताना दुकानांच्या काचेत बघायचे. हसताय काय? तुम्ही मोटारसायकलच्या आरशात बघत नाही?

इथवर चाललं असतं हो. पण आरशात आपल्या मागचंही दिसतं. भास्कररावांना उत्तमराव दिसायला लागले. आज किती वजन उचललं? माझ्याहून जास्त? समोर डोळे स्वतःवर, पण लक्ष साडूवर. आणि तिकडे उत्तमरावांचंही तेच. तोंडानं ‘राम राम’, आत मोजमाप.

एका सणाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. जिममध्ये दुसरं कोणी नव्हतं. शिकवणारे सर फोन आला म्हणून जिना उतरून खाली गेले. मोठ्यानं गाणी लागलेली. भास्करराव आरशासमोर डंबेल घेऊन उभे. त्यांच्या मागं उत्तमराव बाकावर उताणे झोपले, वर लोखंडी दांडा, त्याला दोन्हीकडं वजनाच्या थाळ्या. असं वजन उचलताना डोक्याशी एक माणूस उभा करायचा असतो. उत्तमरावांनी हाक मारली नाही. साडूला कशी मारायची?

दांडा खाली घेतला. वर जाईना. हात थरथरले, दांडा छातीवरून घसरला आणि गळ्यावर आला. हाक निघेना – गळाच दाबलेला. पाय झाडायला लागले. मान कशीबशी वळली ती आरशाकडं.

भास्कररावांना हे सगळं दिसलं. मंडळी, आता नीट ऐका. त्यांना दिसलं, आणि ते धावले नाहीत. मनात आलं – चढवा अजून, लई हौस ना? हातातलं डंबेल त्यांनी आणखी एकदा वर नेलं. अगदी सावकाश.

तेवढ्यात आरशात नजरेला नजर मिळाली. आरशाचा नियमच आहे, तुम्हाला ज्याचे डोळे दिसतात त्याला तुमचे दिसतात. खाली उत्तमरावांचे फुटायला आलेले डोळे, आणि वर, त्याच काचेत, भास्कररावांचा स्वतःचा चेहरा. तो हसत होता.

डंबेल हातातून गळालं. भास्करराव धावले. दांडा दोन्ही हातांनी ओढला, हलेना. मग एका टोकाला खांदा लावून सारा जीव एकवटला. दांडा कलला, पलीकडच्या थाळ्या घसरून फरशीवर आदळल्या, आणि उत्तमराव बाकावरून खाली कोसळले. निळे पडलेले. क्षणभर काहीच नाही. मग घशातून एक खरखर आली. तेव्हा कुठं भास्कररावांनी श्वास घेतला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाचले, पण गळ्याला सूज आहे, बोलू देऊ नका. नलिनी भास्कररावांच्या पायाच पडली. “दाजी, तुम्ही होतात म्हणून माझं कुंकू राहिलं.” भास्कररावांना पाय मागं घ्यायचं सुचलं नाही. गावभर झालं – साडू असावा तर असा! ज्यांना आजवर साडूचं सुख ठाऊक नव्हतं, तेही कौतुक करायला लागले.

आणि उत्तमराव? ते खाटेवरून नुसते बघायचे. भास्करराव आले की त्यांच्याकडंच. एकदा नलिनीनं हातात मोबाइल दिला, म्हणाली, काय हवं ते यात लिहा. बोट हळूहळू अक्षरं दाबत होतं, आणि इकडं भास्कररावांच्या कपाळावर घाम. नलिनीनं वाचलं – ‘चहा’.

तुम्ही हसलात. भास्करराव बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले.

जेवण सुटलं. मोरीतल्या आरशावर त्यांनी टॉवेल टाकला. शालननं विचारलं, तर म्हणाले, काच तडकलीय. तिनं टॉवेल उचलून काच बघितली, आणि तो परत तसाच टाकला. बायकांना कळतं, मंडळी. कधी विचारायचं नाही, हेही कळतं.

उत्तमराव घरी आले, सत्यनारायण घातला. आळीतली माणसं जमली. पूजा झाल्यावर भास्कररावांचा सत्कार ठरलेला. शाल आली, नारळ आला, नलिनी औक्षणाचं ताट घेऊन समोर. हार गळ्यापाशी आला आणि भास्कररावांनी तो हातानं अडवला.

“हे माझं नाही,” ते म्हणाले. “मी आरशात बघत होतो. हे तडफडत होते, ते मला दिसत होतं. मी नंतर धावलो. आधी हसलो.”

नलिनीच्या ताटातलं निरांजन हललं. ती तशीच वळली, आत गेली, आणि दार लोटून घेतलं.

मग उत्तमराव बोलले. आवाज फाटलेला. “मला ठाऊक होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुम्ही सांगताय का, ते बघत होतो.” घोटभर पाणी प्यायले. “आणि भास्करराव, ती शेवटची थाळी मला झेपणारी नव्हती. तुम्ही आरशात बघताय, म्हणून चढवली.”

पुढं काय झालं? उत्तमरावांचा आवाज काही पहिल्यासारखा झाला नाही. दोघं अजून जातात व्यायामाला. एक झोपला की दुसरा त्याच्या डोक्याशी उभा राहतो, हात दांड्याखाली धरून. आणि नलिनी? ती भास्कररावांना चहा देते. पण अजून ‘दाजी’ म्हणत नाही. म्हणेल का? मला ठाऊक नाही. खरं बोललं की सगळं लगेच फिटतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

आता माझ्याकडं नका बघू. स्वतःकडं बघा. भावकीतल्या एकाचं दुकान बसलं, हे कानावर आलं, तेव्हा तुमचं तोंड कसं होतं? जावेच्या मुलीची सोयरीक मोडली, तेव्हा? ‘अरेरे’ म्हणालात, ते मी ऐकलं. पण त्याच्या आधी, अर्ध्या क्षणापुरतं काय उमटलं होतं? तिथं आरसा नव्हता, म्हणून सुटलात. भास्कररावांपुढं होता. मी म्हणतो, त्यांच्यावर देवानं कृपाच केली.

शेजारी कोण बसलंय, बघा. त्याच्या गळ्यावर आज कसला दांडा आहे, ठाऊक आहे? नाही ना? मग घरी जाताना विचारा. आणि आता त्या विठ्ठलाचं नाव घ्या – पण डोळे उघडे ठेवून.