वाळूतली गाडी का तापायची

खरं सांगते, परदेशात इंजिनिअरिंग शिकून आले तेव्हा वाटलं होतं, मनोरीच्या किनाऱ्यावर मला बरंच शिकवावं लागेल. आमच्या सफाई गटाची कचरा ओढणारी एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची वाळूत चालणारी छोटी गाडी, रोज तापून वाळूत बंद पडायची आणि रविवारी सफाईला शाळेची मुलं येणार होती. मी कूलंट बदललं, रेडिएटर धुतला, तरी तेच. शेवटी गाडी चालवणाऱ्या दामूकाकांना सुनावलं, "काका, समुद्राचं पाणी घालता ना त्यात?"

"नाय गो बाय. पण त्या रेडिएटरला वारा कुठून लागणार? तोंडावर तुझा फ्लेक्स बांधलास ना."

फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'किनाऱ्याला मोकळा श्वास घेऊ द्या.'

"मग आधी का नाही बोललात?"

"तू शिकवत होतीस ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्लेक्स सोडून मागच्या ट्रॉलीला बांधला आणि ठरवलं, रविवारी मुलांना गाडीची माहिती काकाच देतील.