मागची दांडी आणि चौथा घात

...आणि वर मलाच विचारतो, "पप्पा, सॉलिड घेऊ का पोकळ?" अरे बाबा, मी पस्तीस वर्षं नंदुरबारात साड्या विकतोय, मला काठ विचार, पदर विचार, रंग जाईल का विचार, गाडीच्या बुडाखाली काय सॉलिड आणि काय पोकळ हे इंदरमलला कशाला विचारतोस? पण पोराने बापाला विचारलं ना, हल्ली कोण विचारतं... म्हणून मी त्यात हात घातला, आणि तिथून सगळं सुरू झालं. माणसं भली भेटली, तुम्हाला सांगतो, नाहीतर मी आज हे सांगायला उभा नसतो.

म्हणजे झालं असं, की दिवस मावळायच्या आत आमची जेवणं, तर ताटावर बसल्या बसल्या आमचा श्रेणिक म्हणतो, "पप्पा, मागे एक बार टाकायचाय." मोहनबाई, म्हणजे आमची सौ., तिच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. जैनाचं घर, कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर, आणि हा मागच्या अंगाला बार टाकतोय? ती एवढंच म्हणाली, "गावाच्या नावात आहे तेवढा बार पुरे." मग त्याने रद्दीच्या कागदावर गाडी काढून समजावलं, की हा स्वे बार, प्यायचा नव्हे, लोखंडाची दांडी, मागच्या दोन चाकांच्या मध्ये आडवी बसते, आणि वळणावर गाडी एका अंगाला कलंडते ती कलंडू देत नाही. मला लगेच कळलं. दोन भावांचं एकत्र दुकान असतं ना, तसं. दोघं बरोबर खाली गेले, बरोबर वर आले, तर दांडी गप्प, स्पीडब्रेकरवर तिचं काही म्हणणं नाही. पण एकटाच खड्ड्यात गेला की ती दुसऱ्यालाही ओढते, चल, तूही सोस. दांडी जितकी कडक तितकं कुटुंब घट्ट... आणि तितके धक्के जास्त.

आता ही त्याला कशाला हवी? तर सुरतेकडे कुणीतरी गाड्या पळवायला वळणावळणाचा रस्ता केलाय, ट्रॅक म्हणतात, कुठेही न पोचता नुसतं पळायचं, आणि महिन्यातून एक रविवार हा तिथे जातो. आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, जोरात वळवली की नाक बाहेर पळतं, मागून घट्ट केली की नीट वळते म्हणे. वळू दे की, माझं काय जातं? पण तीच गाडी दर मंगळवारी मोहनबाईला चिंचपाड्याला नेते, मिशन हॉस्पिटलला, कमरेच्या मणक्यासाठी. श्रेणिकने त्याच ताटावर सांगून टाकलं, "मम्मीला जरा जरी त्रास झाला तर दांडी काढीन आणि ट्रॅकचं नाव घेणार नाही." आणि तो बोलला की करतो. याच कमरेपायी पुण्याची नोकरी सोडून माझ्या गादीवर येऊन बसलाय, दोन वर्षांत काही मागितलं नाही, मागितली ती ही दांडी. आता सांगा, बापाने काय करायचं?

बापाने गुपचूप, गाडीचं असलं सामान विकणाऱ्या पुण्याच्या एका दुकानाला फोन लावला. पोराला सरप्राइज. तिकडून एकदम मऊ आवाज, "सर, आपला वापर कसा आहे, रोजचा रस्ता की ट्रॅक?" म्हटलं दोन्ही. "मग सर, आपल्याकडे तीन येतात. एकोणीस मिलिमीटर, बावीस आणि पंचवीस. मी आपल्याला बावीस सुचवीन." मी मनातल्या मनात हसलो. अहो, तीन दाखवायच्या आणि मधली गळ्यात मारायची, हे मी पस्तीस वर्षं करतोय, गिऱ्हाइकाला हलकी नेववत नाही, भारी झेपत नाही, हात आपोआप मधलीवर जातो, आणि तीच तर आपल्याला खपवायची असते. हा मला शिकवतो? म्हटलं, "पंचवीसची पाठवा." "सर, पण घरच्यांना घेऊन रोज..." "पंचवीसची पाठवा." तीन मिलिमीटरचा तर फरक, त्याहून जाड आमच्या भारी शालूचा काठ असतो.

दांडी आली, मी ती गाडीत घालून श्रेणिकच्या नकळत कोरीट रस्त्याला भिला मिस्तरीच्या गॅरेजवर नेली. भिलाने ती हातात तोलली, माझ्याकडे पाहिलं, परत तोलली. "शेठ, हाई दांडी गाडीले लावनी शे का म्हैसले बांधनी शे?" म्हटलं, तू लाव. त्याने लावली, आणि आम्ही फेरी मारायला निघालो, भिला चालवतोय आणि मी मागे मोहनबाईच्या जागेवर, कारण माल आधी आपण अंगावर घेऊन बघावा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं चाक, सीट, माझं डोकं, सगळं एकत्र कुटुंब एकदम वर. बरं, तेही सोसलं. पुढे वळणावर मिरचीची पथारी, म्हणजे मिरच्या वाळत घातलेल्या, नजर जाईल तिथवर लालच लाल, आणि रस्त्यावर सांडलेली वाळू. भिलाने स्टिअरिंग फिरवलं, नाक वळलं, आणि गाडीची मागची बाजू म्हणाली आता मी पुढे जाते. माझ्या खिडकीतून रस्ता दिसायला हवा होता, तर मिरच्या दिसायला लागल्या, आणि त्या जवळ जवळ यायला लागल्या... हातभर अंतर राखून थांबलो. भिलाने मान वळवली नाही, हळूच विचारलं, "शेठ, मिरची लेनी शे का?"

तोंडात नवकार मंत्र अर्धा झाला होता, तो मी तिथेच पुरा केला. पथारीवर तापीबाई म्हणून राखणदार, तिने खरं तर मला फैलावर घ्यायचं, तर तांब्या घेऊन आली. "बठा शेठ, पानी प्या." माणसं भली भेटली, तुम्हाला सांगतो.

घरी येऊन सांगावंच लागलं. श्रेणिक रागावला नाही, रागावला असता तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाला, "पप्पा, दांडीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो." घात? आणि चौथा? म्हटलं, बाबा रे, भिलाचा एक, माझा दुसरा, मम्मीच्या कमरेचा तिसरा, आणि तुझ्या ट्रॅकचा चौथा, बरोबर मोजलेस. "गणितातला घात, पप्पा. तीन मिलिमीटर वाढले की कडकपणा दीडपटीच्याही वर." आता मला कसं कळावं? आमच्याकडे काठ तीन इंच वाढला की तीन इंचच वाढतो.

पुण्याला परत फोन केला, खाली मान घालून. ग्रीस लागलेली, बोल्ट कसलेली दांडी, कोण परत घेणार? आमच्या दुकानात तर पाटीच आहे, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तो म्हणाला, "पाठवा सर, त्यात काय. बावीसची आजच निघेल." त्याला खरंच मधलीच योग्य वाटली होती हो. त्या दिवशी मी पाटी उतरवली, खोटं सांगत नाही... आता ती गल्ल्यामागे उलटी ठेवलेली आहे.

या बावीसच्या दांडीला दोन्ही टोकांना दोन दोन भोकं. टोकाजवळच्या, म्हणजे बाहेरच्या भोकात जोडली की मऊ, आतल्या भोकात जोडली की कडक. भिला म्हणाला, "बाईसाठे बाहेरनं, पोऱ्यासाठे मझारनं, मी करी दिसू." मझारनं म्हणजे आतलं. रविवारी पोरगा ट्रॅकवर जाऊन आला, आणि आला तो मंगळवार.

मोहनबाईचं गाडीत बसणं म्हणजे, वाटेत खांडबारा गाव लागलं की दोन्ही हातांनी वरचं हँडल, तोंडात लिंबाची फोड, आणि प्रत्येक वळणाला, "सुणो हो, जरा हळू." श्रेणिक चालवतोय, मी शेजारी, दोघांचेही कान मागे. पहिलं वळण गेलं, मागून आवाज नाही. दुसरं गेलं, नाही. मी घाबरून मागे पाहिलं... तर बाई झोपलेल्या. हँडल मोकळं, लिंबू पिशवीत. वळणावळणाला तोल सावरायला ती सगळं अंग आवळून धरायची, कंबर त्यानेच भरून यायची, आणि हे आम्हा दोघा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

चिंचपाड्याला श्रेणिक उतरला, गाडीखाली वाकून पाहिलं आणि तोंड एवढंसं झालं. "पप्पा, दांडी आतल्याच भोकात आहे. काल भिला लग्नाला गेला होता, बदलायची राहिली." म्हणजे आई अख्खा रस्ता कडक दांडीवर झोपून आली होती. मोहनबाई म्हणाली, "भोक कुठलं ते मला कळत नाही. हेच राहू दे." तो म्हणाला, पावसाळ्यात तरी बाहेरचं घ्यावं लागेल, मागची चाकं घसरतात. "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू. तुझ्या त्या ट्रॅकवर वळणं किती?"

"अकरा, मम्मी."

"मग मला एकटीला घरी कशाला ठेवतोस?"

आता महिन्यातल्या त्या ट्रॅकच्या रविवारी ती खाकऱ्याचा डबा आणि उशी घेऊन श्रेणिकबरोबर जाते, भोकं बघायला भिला जातो, दांडी कशी चाललीय ते पाहायला पुण्याचा माणूसही तिथे येतो म्हणे, आणि तिथे वाटायला म्हणून तापीबाईकडून चटणीची पुडीसुद्धा जाते. दुकान कुणी बघायचं? मी. माणसं भली भेटली, तुम्हाला सांगतो, फार भली... फक्त त्या रविवारी त्यातलं एकही भेटत नाही.