बरणीतल्या न्यूटचा पाय

उदगीरच्या स्टँडवर लातूरच्या गाडीसाठी बसले होते. शेजारी दोघी जावा; थोरली आत्ताच बाहेरगावाहून उतरलेली. धाकटीच्या मांडीवर काचेची बरणी अन् पाण्यात पालीसारखं जनावर. असले शौक मला पटत नाहीत. पण कानाला झाकण कुठाय?

"मंजुश्री, पाल घेऊन फिरायलीस, लोक हसायलेत."

"पाल न्हाई अक्का, न्यूट हाय, बेडकाच्या जातीचं. पोरीनं हौसेनं आणलं. आता लातूरला दुकानात परत द्यायचं."

"का?"

"खाईनाच. दहीभात टाकला, भिजली डाळ टाकली. दुकानदार म्हणतो, गांडूळ पाहिजे."

"लिंगायताच्या घरात गांडूळ? अंडं येत न्हाई आपल्यात!"

"म्हणून तर निघाले. आणल्यापासून उपाशी हाय. डोळ्यादेखत मरंल."

"अन् ह्याचा मागचा पाय?"

"दुकानातच मोठ्या माशानं तोडला."

"इकडं धर. उजेडात धर. मंजे, ह्याला कोंब फुटलाय!"

"कुठं?"

"हे बघ की, तुरीच्या डाळीएवढा."

"अगं बाई! नवा पाय यायलाय?"

"पोटात कण न्हाई, अन् पाय उगवायलंय हे!"

"अक्का, भर स्टँडात हात काय जोडायलात?"

"गप. ऊठ, घरी चल."

"अन् गांडूळ?"

"गोठ्यामागं लई हायत. आंघोळीच्या आधी मीच देत जाईन. महादेवाला काय सांगायचं ते मी सांगते."

लातूरची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी थोरलीला म्हणलं, "माझी गाडी जाऊ द्या, बाई. ती बरणी जरा इकडं करा."